कारखाना बंद, माती दूषित; जबाबदारी कोणाची?

नाशिकमधील सातपूर, अंबड यांसारख्या औद्योगिक वसाहतींत एखादा रासायनिक कारखाना बंद पडला, तरी त्याची घातक द्रव्ये जमिनीत राहू शकतात. पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून ती परिसरातील विहिरी व कूपनलिकांपर्यंत पोचण्याचा धोका असतो. अशा जुन्या दूषित जमिनींच्या शुद्धीकरणासाठी देशात दीर्घकाळ स्वतंत्र नियमावली नव्हती. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये ती अधिसूचित केली.

या नियमांनुसार जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावयाचा आहे. त्यानंतर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि पुढील तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करील. दूषितता सिद्ध झाल्यास ते स्थळ जाहीर करून तेथील वावरावर निर्बंध घालण्यात येतील. जबाबदार व्यक्ती वा कंपनी निश्चित करण्यास मंडळाला ९० दिवसांची मुदत असून शुद्धीकरणाचा खर्च दोषींकडून वसूल होईल. ते न सापडल्यास वा असमर्थ ठरल्यास केंद्र व राज्य सरकारने तरतूद करावयाची आहे. किरणोत्सारी कचरा, खाणकाम व समुद्रातील तेलगळती यांना हे नियम लागू नाहीत.

विलंबाचे उदाहरण भोपाळचे आहे. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर बंद पडलेल्या युनियन कार्बाइडच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये हलविण्यात आला. नव्या नियमांत तपासणीला मुदत आहे. प्रत्यक्ष शुद्धीकरण पूर्ण करण्यास मात्र ती घातलेली नाही.