मिरचीचा हात

आमच्या भिवापूरकडे तान्ह्या लेकराच्या जांघा लाल झाल्या, की पहिला संशय मिरचीवर जायचा. नागपूरहून उमरेड ओलांडलं की सगळा मिरचीचाच मुलूख. थंडीत तोडा सुरू झाला, की घरोघरच्या बाया दिवसभर वावरात. संध्याकाळी हातांची अशी आग व्हायची, की बाया ताकात बोटं बुडवून बसायच्या. आणि त्याच हातांनी लेकराला घ्यायचं. म्हणून आमच्या आजीचा नियम होता : आधी हाताला तेल चोळा, मग बेसनानं धुवा, मगच पाळण्याकडे जा. मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्यानं जात नाही, तेलात उतरतो, हे मला फार पुढे कळलं. आजीला ते कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

'डायपर रॅश' हा शब्द तेव्हा नव्हता, कारण डायपरच नव्हता. लंगोट असायचे, तेही जुन्या कापडाचे. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे गिरणीचं कापड खेड्यापाड्यात रुळलं. आमच्या घरी त्या कापडाचा प्रवास ठरलेला होता. आजोबांचं धोतर विरलं की त्याचे पंचे, पंचे विरले की लंगोट, आणि शेवटी चुलीवरचं भांडं उतरवायची चिंधी. आईच्या लुगड्याचंही तेच. नवं कापड बाळाच्या अंगाला कोणी लावू देत नसे, त्यात खळ असते. शंभर वेळा धुतलेलं सुती कापड मऊ असतं आणि ओल लगेच पितं. आजीच्या सगळ्या औषधांत मला हेच मोठं वाटतं, पण त्याला औषध कोणी म्हणत नाही.

१९६७ च्या जानेवारीत माझा धाकटा भाऊ चार महिन्यांचा होता आणि मी दहा वर्षांची. लंगोट धुणं माझ्याकडे. ते धुण्याच्या सोड्यात भिजवायचे, चोळायचे आणि चार पाण्यातून काढायचे, असं आईनं दाखवून दिलेलं. विहीर लांब. दोर ओढून तळहात सोलायचे. थंडीत पाणी अंगावर सांडलं की नकोसं व्हायचं. मी चाराची दोन पाणी केली. मग एक.

आठवड्याभरात भावाचं बूड लालभडक झालं. मग जांघेतली साल निघाली. मुतला की किंचाळायचा. आजी आईवर कडाडली, "तुह्याच हातानं पोयलं लेकरू! मिरचीचा हात लेकराले लावू नोको म्हटलं ना?" आईनं उलट उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तोड्याला गेली नाही. त्या हंगामाची मजुरी बुडाली. वर्षाचं लुगडं त्याच पैशातून यायचं, त्या साली ते आलं नाही.

घरी उपाय चालूच होते. आजीनं काशाच्या ताटात तूप घेतलं आणि पाणी घालघालून तळहातानं फेसलं. पाणी ओतायचं, नवं घालायचं, असं शंभर वेळा. मोजायला मला बसवलं होतं. तूप लोण्यासारखं पांढरं झालं. आयुर्वेदात त्याला शतधौत घृत म्हणतात. ते लावलं की भाऊ थोडा शांत व्हायचा, आणि नवा लंगोट बांधला की पुन्हा रडायचा. शेजारच्या काकूंनी गोवरीची राख चाळून आणली, ओल शोषते म्हणून. राखेनं तर जास्तच पेटलं.

शेवटी भिवापुरातल्या एका नर्सबाईंना आणलं. त्या नागपूरच्या मातृसेवा संघात शिकलेल्या होत्या. कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ साली सुरू केलेली ही संस्था. कमलाबाई स्वतः बालविधवा. ज्या काळात सुईणपणाला कमी लेखत, त्या काळात त्यांनी ते काम शिकून घेतलं, आणि शेकडो बायांना त्यातून पोटापाण्याचा मार्ग मिळाला.

नर्सबाईंनी आधी बाळाला पाहिलं. मग दोरीवरचा वाळलेला लंगोट काढला, ओला केला आणि दोन बोटांत चोळला. बुळबुळीत लागला. "सोडा राहिलाय यात," त्या म्हणाल्या. "मिरची नाही, सोड्यानं खाल्लंय." राखही त्यांनी फेकायला लावली. सोडा काय, राख काय, दोन्ही खारच. खारानं कातडी कमजोर होते आणि शी-मूत तिला जास्त झोंबते.

सांगितलं ते साधंच. लंगोट चार पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. बाळाला कोमट पाण्यानं धुवा, पुसू नका, टिपा. दिवसातून दोन-तीनदा तासभर उघडंच निजू द्या. मग खोबरेल तेलाचा पातळ हात. पाच-सहा दिवसांत जांघा भरून आल्या.

लंगोट कोण धुतं, हे त्यांनी विचारलं नाही. आजीनंही नाही. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं. एवढंच.

पुढे घरोघर बोरिक पावडर आली. ती मात्र वाईट. सोललेल्या कातडीतून बोरिक रक्तात जातं आणि त्यानं तान्ही मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. शंखजिऱ्याची पूडही नको, ती श्वासावाटे छातीत जाते. सोललेल्या जागी हळद-बेसन चोळणारे आजही भेटतात. त्यांच्या हातावर आधी खरचटवून मग हळद-बेसन लावून बघावं, असं मला वाटतं.

मागच्या मे महिन्यात नागपुरात नातीला तेच झालं. बाहेर रस्ता तापलेला, कूलरची दमट हवा आणि रात्रभर एकच डायपर. आम्ही तिला दिवसभर मोकळी ठेवली, खोबरेल लावलं. तिसऱ्या दिवशी घड्यांत लाली वाढली आणि कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या. मी सुनेला म्हटलं, आता घरचं पुरे. डॉक्टरांनी बघून सांगितलं, बुरशी आहे. त्याचं मलम दिलं. फोड पिकले, ताप आला किंवा चार दिवसांत उतार नसला तरीही घरी थांबू नका म्हणाले.

मग माझ्या जुन्या सुती साड्या फाडून लंगोट केले. घरात वॉशिंग मशीन आहे, पण ते मी हातानंच धुतले. सून दारात उभी राहून बघत होती. "आई, एवढ्याशा कापडाला किती पाणी घेता हो?"

"अजून एक," मी म्हटलं.