गणकयंत्राचे अवेळीं पुनर्जन्म

सोलापुरांतील सात रस्त्याच्या चौकांत उभें राहून परगांवच्या पाहुण्याची वाट पाहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना माझी अडचण चटकन् समजेल. पाहुणा येतो तो कोठल्या तरी एकाच रस्त्यानें. परंतु आपण वळून पाहतों तों तो समोर उभा असतो, आणि कोणत्या वाटेनें आला हें विचारल्यावांचून कळत नाहीं. घरांतील गणकयंत्र, ज्याला आपण संगणक किंवा सरळ कंप्यूटर म्हणतों, तें चालतां चालतां एकाएकीं काळें पडतें व आपलें आपण पुन्हा सुरू होतें, तेव्हां अशीच स्थिति होते. परिणाम एकच, वाटा अनेक. आणि यंत्राला विचारावें तर तें स्वतःच सर्व विसरून बसलेलें!

मी विद्युत्शास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि जन्मभर मुलांना इतिहास व गणित शिकविलें. तेव्हां आज जें सांगणार आहें तें इतिहासाच्या मास्तराच्या दृष्टीनेंच सांगेन.

या विषयाकडे मी वळलों त्याला एक घरगुती कारण आहे. १२ मे १९३० रोजीं सोलापुरांत मार्शल लॉ पुकारला गेला, त्या वेळीं माझे वडील दहा वर्षांचे होते. उतारवयांत त्यांनीं त्या दिवसांच्या आठवणी चार वह्यांत लिहून ठेवल्या. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आलें, तो मोठा इतिहास अन्यत्र लिहिलेला आहेच. वडिलांच्या वह्यांत आहे तें गल्लींतलें: संध्याकाळीं दारें कशीं लावलीं जात, डोक्यावरच्या गांधी टोपीवरून घरांत आजोबा व चुलते यांचा कसा वाद झाला, दळण आणावयास कोण गेलें. कागद निकृष्ट; पान उलटलें कीं कडा गळून पडत. म्हणून निवृत्त झाल्यावर त्या वह्या यंत्रावर टंकून ठेवण्याचें काम मीं हातीं घेतलें. तिसऱ्या वहींतील एक पान हातांत येतांच त्याचे तुकडे झाले. ते मेजावर जुळवून, भिंग लावून, तासभर खपून मीं तें पान साध्या नोटपॅडांत उतरविलें आणि चहासाठीं उठलों. परत आलों तों पंख्याच्या वाऱ्यानें तुकड्यांचा भुगा झालेला, आणि पडद्यावर यंत्र नव्यानें सुरू होत होतें. लिहिलेलें जतन करण्याचें बटण मीं एकदांहि दाबलें नव्हतें. तें पान आतां वहींतहि नाहीं आणि यंत्रांतहि नाहीं.

यंत्र असें विसरतें कां, याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. रा. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं जें मोठें गणकयंत्र बांधलें गेलें व १९६० सालीं कामास लागलें, तें पुढें १९६२ त 'टिफ्रॅक' या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याची स्मृति मात्र लहान लहान चुंबकीय कड्यांची होती. अशा कडीला एका दिशेनें चुंबकत्व दिलें कीं वीज गेली तरी तें टिकतें. पुढें आय.बी.एम. मधील रॉबर्ट डेनार्ड यांनीं स्मृतीची निराळीच युक्ति काढली व १९६८ सालीं तिचें पेटंट मिळविलें. तींत एकेक अंक म्हणजे एका सूक्ष्म साठवणींत कोंडलेला विजेचा थेंब. ही स्मृति स्वस्त, दाट आणि चपळ. पण थेंब झिरपत असतो, म्हणून तो सेकंदांत कित्येक वेळां पुन्हा भरावा लागतो. वीज क्षणभर नीट मिळाली नाहीं कीं सर्व संपलें. आपल्या घरांतील यंत्राची चालती स्मृति या जातीची आहे. माझ्या वडिलांचें पान अशा थेंबांवर लिहिलें होतें!

यंत्राचा दोष शोधण्याची विद्या गणकयंत्राइतकीच जुनी आहे. १९४६ सालीं अमेरिकेंत जगापुढें आलेल्या 'एनिअॅक' यंत्रांत सुमारें १८,००० नळ्या होत्या. चालू-बंद करतांनाच त्या अधिक फुटतात असें दिसून आल्यावर चालकांनीं यंत्र शक्यतों बंदच करावयाचें नाहीं, असा नेम केला. पुढच्याच वर्षीं, ९ सप्टेंबर १९४७ रोजीं, हार्वर्डच्या एका यंत्राच्या रिलेंत अडकलेला एक पतंग सांपडला. तंत्रज्ञांनीं तो चिकटपट्टीनें नोंदवहींत चिकटवून त्याखालीं विनोदानें शेरा लिहिला. यंत्रदोषाला 'किडा' म्हणण्याची चाल याच्याहि आधींची, एडिसनच्या काळापासूनची आहे. पण मला त्या कथेंत पतंगापेक्षां नोंदवहीचें महत्त्व अधिक वाटतें. दोष कोणत्या दिवशीं, कोठें व कसा दिसला हें लिहून ठेवण्याची संवय त्या लोकांना होती, म्हणूनच ती गोष्ट आपणांस माहीत आहे.

आतां एक प्रश्न असा कीं, पुन्हा सुरू होणें हा सर्वस्वीं दोषच आहे काय? २० जुलै १९६९ रोजीं अपोलो ११ चें यान चंद्रावर उतरत असतांना त्यांतील गणकयंत्रावर कामाचा बोजा अनावर झाला, १२०२ व १२०१ या क्रमांकांच्या सूचना झळकूं लागल्या, आणि यंत्रानें ऐन उतरणीच्या वेळीं स्वतःला पुन्हा पुन्हा नव्यानें सुरू केलें. परंतु मार्गारेट हॅमिल्टन यांच्या हाताखालीं तयार झालेल्या त्याच्या कार्यक्रमांत अशी तजवीज होती कीं, प्रत्येक वेळीं अत्यावश्यक कामें जेथें सोडलीं तेथूनच उचललीं जावींत आणि फालतू कामें गळून पडावींत. यान सुखरूप उतरलें. तेथें पुनर्जन्म ही योजना होती. माझ्या घरीं तो अपघात होता, आणि पूर्वजन्मीचें कांहींच शिल्लक राहिलें नाहीं.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय.बी.एम. नें आपलें 'वैयक्तिक' गणकयंत्र जाहीर केलें. आजचीं घरगुती यंत्रें बहुतेक त्याच्याच वंशांतलीं. त्याच्या वीजपेटींत एक चतुर सोय होती. पेटींतून निघणारा दाब ठीक असला कीं एक स्वतंत्र तार मुख्य फळ्याला 'सर्व ठीक' असा निरोप सतत देत राही, आणि हा निरोप थांबतांच यंत्र स्वतःला रोखून धरी. निरोप परत आला कीं पहिल्यापासून आरंभ करी. हेतु हा कीं, अपुऱ्या विजेवर चुकीचें गणित करण्यापेक्षां थांबलेलें बरें. ही तार अद्यापिहि तशीच आहे. हिंदुस्थानांत विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनें करतो, म्हणजे एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांचें. पूर्ण भार असतां चांगली वीजपेटी सांठविलेल्या विजेवर साधारण तेवढाच वेळ तग धरते. यावरून लक्षांत येईल कीं, दिवा मालवल्यासारखा आपल्याला वाटलाहि नाहीं, पंखा मंदावला नाहीं, आणि तरी यंत्राचा पुनर्जन्म झाला, असें सहज घडूं शकतें.

स्मृतीच्या चिपांतहि दोष उद्भवतो, आणि त्याची एक नवलाची कथा आहे. १९७८ च्या सुमारास इंटेल कंपनीच्या चिपांत अधूनमधून एखादा अंक विनाकारण उलटत असे, आणि चिप तपासावी तों निर्दोष! टिमथी मे व त्यांचे सहकारी यांनीं शोध लावला कीं, चिपेच्या चिनी मातीच्या वेष्टनांतच किरणोत्सर्गी द्रव्याचा अंश होता; तें वेष्टन करणारा कारखाना जेथून पाणी घेई त्या नदीवर वरच्या अंगाला युरेनियमची एक जुनी गिरणी होती. गुन्हेगार घराबाहेरचा, आणि तोहि नदीच्या वरच्या गांवचा!

या शतकाच्या आरंभीं, साधारण २००० ते २००७ या काळांत, आणखी एक सांथ आली. मुख्य फळ्यावर विजेचा दाब स्थिर राखणारे जे डबीसारखे कॅपॅसिटर असतात, ते निकृष्ट द्रवामुळें डोक्यावर फुगूं लागले, गळूं लागले, आणि अनेक नामांकित कंपन्यांचीं यंत्रें अवेळीं थांबूं वा पुन्हा सुरू होऊं लागलीं. या दोषाची ओळख डोळ्यांनीं पटते: डबीचें डोकें सपाट असावें, टरबुजासारखें फुगीर नव्हे.

त्याच काळांत यंत्रांतील कार्यक्रमाच्या बाजूनेंहि दोन गोष्टी घडल्या. २००१ सालीं विंडोज एक्सपी आली, तींत मोठा घोटाळा झाला कीं निळा पडदा दाखवून लगेच पुन्हा सुरू व्हावें, अशी मूळचीच योजना होती. निळ्या पडद्यावर लिहिलेलें कारण वाचावयास सवडच मिळेना. ती योजना बंद करतां येते, हें कित्येकांना ठाऊकच नव्हतें. आणि ११ ऑगस्ट २००३ च्या सुमारास 'ब्लास्टर' नांवाचा किडा जगभर पसरला. त्याच्या हल्ल्यानें यंत्रांतील एक महत्त्वाची सेवा कोलमडे, पडद्यावर साठ सेकंदांचें घड्याळ उलटें चालूं लागे, आणि साठ संपतांच यंत्र बंद होऊन पुन्हा उठे. गंमत अशी कीं, त्यावरचें औषध मायक्रोसॉफ्टनें जवळजवळ महिनाभर आधींच, १६ जुलै रोजीं, प्रसिद्ध केलें होतें. तें लावून घेण्याचा आळस तेवढा नडला. अलीकडे, १९ जुलै २०२४ रोजीं, क्राउडस्ट्राइक या संरक्षक कार्यक्रमाच्या एका सदोष फाइलीनें सुमारें ८५ लक्ष यंत्रें अशींच पडूं व उठूं लागलीं, आणि आपल्याकडील विमानतळांवर हातानें लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. म्हणजे रोगानेंच नव्हे, औषधानेंहि पुनर्जन्म घडतो.

एवढा इतिहास मीं वाचला तो माझें पान गेल्यावर. आणि त्या वाचनाचा पहिला परिणाम असा झाला कीं, मी एकामागून एक चुकीच्या वाटांनीं गेलों! प्रथम किड्याचा संशय. सर्व यंत्र तपासलें, निष्पन्न कांहीं नाहीं. मग उष्णतेचा. आमच्या गांवचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, शिवाय यंत्रमागांच्या वस्तींत हवेंत कापसाचे तंतु तरंगतात. पेटी उघडली तों आंतल्या पंख्यावर बोटभर गादी साठलेली. ती काढली. परंतु उष्णतेनें यंत्र आधीं मंदावतें आणि मग बहुधा बंदच पडतें, आणि माझें तर भल्या पहांटे, गारव्यांत, पडत होतें. हें माझ्या ध्यानांत यावयास हवें होतें. कॅपॅसिटर पाहिले, डोकीं सपाट. स्मृतीच्या पट्ट्या काढून, टोकें शाळेच्या खोडरबरानें पुसून बसविल्या, रात्रभर परीक्षा चालविली, तीहि उत्तीर्ण. विजेचा संशय मीं घेतलाच नाहीं, कारण यंत्राखालीं यु.पी.एस. ची पेटी होती, आणि देशांतील विजेचें जाळें सुधारल्याचा मला अभिमान होता. ३० व ३१ जुलै २०१२ रोजीं उत्तर हिंदुस्थानचें जाळें कोसळून कोट्यवधि लोक अंधारांत बसले होते. त्यानंतर ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर ते आमचें सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचें जाळें बाकीच्या देशाशीं एका लयींत बांधलें गेलें. ज्या गांवाजवळ सारा देश जोडला गेला, त्या गांवीं विजेचा काय दोष असणार, अशी माझी भाबडी समजूत!

अखेर एक जुना विद्यार्थी, जो आतां यंत्रें दुरुस्त करतो, म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आम्हांला सनावळ्या पाठ करावयास लावीत होतां. याच्या सनावळ्या लिहिल्यात का?" मी लाजलों. त्यानें यंत्राच्या अंतर्गत नोंदवहींत मला ४१ क्रमांकाच्या नोंदी दाखविल्या. यंत्र नीट बंद न होतां पुन्हा सुरू झालें, एवढेंच त्या सांगतात. परंतु त्यांत घोटाळ्याच्या क्रमांकाच्या जागीं शून्य होतें, म्हणजे निळा पडदा आलाच नव्हता. अर्थात् यंत्राला विचार करावयासहि वेळ मिळाला नव्हता. तारखा मीं कागदावर उतरविल्या: नऊ वेळां, त्यांपैकीं सात वेळां सकाळीं सहा ते सातच्या दरम्यान. पण रोज नव्हे. मध्यें चार दिवसांचें अंतर, कधीं पांचांचें. मीं त्यांत बराच वेळ गणित शोधलें. सौ. नें चहाचा पेला ठेवतांना कागदाकडे पाहिलें आणि म्हणाली, "अहो, हे तर सगळे पाण्याचे दिवस आहेत."

त्या वर्षीं आमच्या भागांत नळाला चार-पांच दिवसांआड पाणी येई. आलें कीं गल्लींतील प्रत्येक घरची मोटार एकाच वेळीं सुरू होई. मोटार फिरूं लागतांना नेहमींच्या पांच ते सातपट प्रवाह ओढते. तेवढा वेळ गल्लीचा दाब खचतो. उरलेल्या दोन तारखांपैकीं एका संध्याकाळीं वळवाचा पाऊस झाला होता. दुसरीचें कारण आजतागायत कळलेलें नाहीं.

मग यु.पी.एस. काय करीत होती? शिष्यानें काम जतन करवून भिंतीवरील बटण बंद केलें. पेटी क्षणभर कुरकुरली आणि पडदा तत्काळ काळा झाला. आंतील शिशाची बॅटरी चार वर्षांची होती, आणि अशा बॅटरीचें आयुष्य उष्णतेनें झपाट्यानें घटतें. हिरवा दिवा मात्र रोज इमानानें लागत होता! नवी बॅटरी घातली, पुन्हा बटण बंद केलें; यंत्र निश्चल चालूं राहिलें. त्यानंतर पाण्याचे सहा दिवस मीं मुद्दाम पहांटे यंत्रापाशीं बसून काढले. ४१ ची नोंद एकहि झाली नाहीं.

तिसरी व चौथी वही आतां टंकून झाली आहे, आणि तिच्या प्रती तीन ठिकाणीं ठेवल्या आहेत. हरवलेल्या पानांतलें जेवढें आठवलें तेवढें मीं लिहून काढलें. तेरा ओळी जमल्या. त्यांत दळणाच्या पिठाची गोष्ट आहे, पण दळण आणावयास जाणाऱ्या त्या शेजारणीचें नांव मला आठवत नाहीं. त्या ओळी मीं निराळ्या शाईंत ठेवल्या आहेत, म्हणजे पुढें वाचणाऱ्याला वडिलांचे शब्द कोणते आणि माझे कोणते हें दिसेल.