दिसतं तसं नसतं : एरिचेच्या डोंगरावरचे पाहुणे

सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला ट्रापानी हे बंदर आहे. त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या डोंगराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, एरिचे नावाचे जुने गाव वसले आहे. खालून रोपवेने किंवा वळणावळणाच्या रस्त्याने वर जाता येते. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, चौदाव्या शतकातले मुख्य चर्च, त्याच्यापासून अलग उभा असलेला घंटाघराचा मनोरा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला कड्यावर नॉर्मन काळातला किल्ला, असा पाहण्याचा क्रम ठरलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर खाली ट्रापानीची मिठागरे आणि समुद्रातली एगादी बेटे दिसतात. नसेल तर गाव ढगात बुडालेले असते आणि चार पावलांपुढचेही दिसत नाही.

या किल्ल्याला ‘व्हीनसचा किल्ला’ म्हणतात. तो जिथे उभा आहे तिथे प्राचीन काळी देवीचे मंदिर होते. डोंगराचे प्राचीन नाव एरिक्स. एलिमियन हे इथले जुने लोक. फिनिशियन लोकांनी या देवीला अस्टार्टे म्हटले, ग्रीकांनी ॲफ्रोडायटी आणि रोमनांनी व्हीनस. भक्तांच्या भाषा बदलल्या, राज्ये बदलली. देवीची जागा तीच राहिली. रोमनांनी तर इ.स.पू. २१७ मध्ये हॅनिबलकडून ट्रासिमीन सरोवराकाठी मोठा पराभव पत्करल्यावर याच देवीला नवस बोलला आणि दोन वर्षांनी रोमच्या कॅपिटोल टेकडीवर तिचे मंदिर उभारले. आज मूळ मंदिराचे फारसे काही शिल्लक नाही. मंदिर कसे दिसत असेल याची कल्पना यावी असे एक चित्र मात्र इ.स.पू. पहिल्या शतकातल्या एका रोमन नाण्यावर आहे : खडकाळ डोंगर, त्याच्याभोवती तट आणि माथ्यावर छोटेसे देऊळ.

हे सगळे प्रवासी पुस्तकांत सापडते. मला सांगायचे आहे ते या डोंगरावर येऊन गेलेल्या काही पाहुण्यांविषयी. ते इ.स.पू. ४१६-१५ च्या हिवाळ्यात अथेन्सहून आले होते. त्यांनी इथे जे पाहिले, त्याची हकीकत थुसिडिडीजने आपल्या इतिहासाच्या सहाव्या खंडात दिली आहे.

एरिक्सच्या पूर्वेला सेगेस्टा (ग्रीकांचे एगेस्टा) हे एलिमियनांचेच दुसरे नगर होते. शेजारच्या सेलिनस या ग्रीक नगराशी त्याचे भांडण जुंपले होते. कारण होते सोयरिकीचे वाद आणि सीमेवरची जमीन. सेगेस्टाने अथेन्सकडे मदत मागितली आणि युद्धाचा खर्च आपण देऊ असे सांगितले. अथेन्सच्या लोकसभेने सावधपणे वकील पाठवले : खजिन्यात आणि देवळांत खरोखर पैसा आहे का, ते पाहून या.

सेगेस्टाच्या लोकांनी त्यांना एरिक्सच्या देवळात नेले. तिथे वाडगे, मद्य वाढायच्या पळ्या, धूपदाण्या आणि इतर भांडी मांडलेली होती. ती होती चांदीची. थुसिडिडीज म्हणतो की त्यांची किंमत थोडी होती, पण दिसायला ती फार मोठी संपत्ती वाटे. मग घरोघरी मेजवान्या झाल्या. ज्या घरी जावे तिथे सोन्याचांदीचे पेले. प्रत्यक्षात सेगेस्टातली भांडी गोळा केली होती, शेजारच्या ग्रीक व फिनिशियन गावांतूनही उसनी आणली होती, आणि बहुतेक तीच भांडी प्रत्येक यजमानाकडे फिरत होती. स्थळ पाहायला माणसे येणार म्हणून शेजारची चांदीची ताटे मागून आणण्याची गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. इथे फक्त लग्नाऐवजी युद्ध ठरायचे होते.

पाहुणे दिपून गेले. वसंतात ते परतले तेव्हा साठ टॅलंट चांदी, म्हणजे साठ जहाजांचा महिन्याचा पगार, बरोबर आली होती. लोकसभेने मोहीम मंजूर केली. निसियस या अनुभवी सेनापतीने विरोध केला. लोक बधेनात, तेव्हा त्याने खर्चाचा आकडा वाढवून त्यांना घाबरवू पाहिले. पण उत्साह वाढलाच, आणि साठाच्या जागी मित्रनगरांसह १३४ युद्धनौका निघाल्या. आरमार इटलीच्या टोकाला पोहोचले तेव्हा पुढे पाठवलेली तीन जहाजे बातमी घेऊन आली : सेगेस्टाकडे फक्त तीस टॅलंट आहेत. निसियसला आश्चर्य वाटले नाही. भांड्यांची हकीकत फुटली तेव्हा सैनिकांनी वकिलांना खूप दोष दिला. पण आता परत फिरणे कोणाला जमले नाही. दोन वर्षांनी, इ.स.पू. ४१३ मध्ये, हे सैन्य सिरॅक्यूजजवळ नष्ट झाले आणि किमान सात हजार कैदी तिथल्या दगडखाणींत कोंडले गेले.

दोष एकट्या सेगेस्टाचा होता का? मला तसे वाटत नाही. अडचणीतल्या छोट्या नगराने आपला बडेजाव दाखवला, यात नवल काय? तपास करायला आलेल्यांनी मात्र एकही भांडे तोलले नाही, दोन घरांतले पेले ताडून पाहिले नाहीत. शिवाय त्याआधीही अथेन्सची नजर सिसिलीवर होती, हे थुसिडिडीज स्वतःच सांगतो. ज्याला जायचेच असते, त्याला पुरावा सापडतोच.

इथे एक अडचण उरते. सुमारे अडीचशे वर्षांनी लिहिणारा पॉलिबियस हेच देवस्थान सिसिलीतले सर्वांत श्रीमंत म्हणतो. मग थुसिडिडीज चुकला? तसे मानायची गरज नाही. मधल्या काळात कार्थेज आणि रोम या दोन्ही सत्तांच्या राजवटी या देवळाने पाहिल्या. दुसरे असे की देवीचे धन म्हणजे सेगेस्टाचा खजिना नव्हे. ते दाखवता येत होते. त्यातून वल्हे मारणाऱ्यांचा पगार देता येईल, हे पाहुण्यांनी मनाने गृहीत धरले.

सेगेस्टालाही आज प्रवासी जातात. तिथे छत्तीस खांबांचे एक भव्य ग्रीक पद्धतीचे मंदिर उभे आहे. खांबांवर पन्हळी कोरायच्या राहिलेल्या, छप्पर कधी चढलेच नाही. तेही अथेन्सच्या लोकांवर छाप पाडण्यासाठीच बांधायला घेतले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते सर्वमान्य नाही, पण भांड्यांची गोष्ट वाचल्यावर मोह होतो.

एरिचेचे नावही पाहणाऱ्याला फसवते. प्राचीन वाटणारे हे नाव गावाला १९३४ मध्ये, फॅसिस्ट राजवटीत, परत दिले गेले. त्याआधी कित्येक शतके हे ‘मोंते सान जुलियानो’ होते. आज एरिचे नगरपालिकेतले बहुसंख्य लोक पायथ्याच्या वस्तीत राहतात. वरच्या सुबक गल्ल्यांतून उन्हाळ्यात गर्दी असते ती आपल्यासारख्यांची.

तटाच्या खालच्या थरातले मोठमोठे दगड मात्र जुनेच आहेत. त्यांतल्या काहींवर पाथरवटांनी कोरलेली फिनिशियन अक्षरे आहेत. ती कोणाला दाखवण्यासाठी कोरलेली नव्हती. म्हणून आधी तिथे थांबावे आणि मग किल्ल्याकडे जावे.