शिक्रा : शिकार व भक्ष्यांचा प्रतिसाद

ॲक्सिपिट्रिडी कुलातील लहान शिकारी पक्षी. लांबी सुमारे ३० सेंमी.; मादी नराहून मोठी. महाराष्ट्रात पानझडी जंगलांपासून शहरांतील बागांपर्यंत सर्वत्र आढळतो. पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब. त्यामुळे फांद्यांच्या गर्दीतही तो झटकन वळतो.

शिक्रा पानांआड निश्चल बसून टेहळणी करतो आणि बेसावध भक्ष्यावर अचानक झेपावतो. पहिली झेप हुकल्यास तो सहसा लांबवर पाठलाग करीत नाही. सरडे, उंदीर, खारी, लहान पक्षी, बेडूक व मोठे कीटक हे त्याचे खाद्य. पूर्वी भारतात त्याला माणसाळवून तित्तिर व लावे पकडण्यास शिकवीत.

त्याची सारी भिस्त दडून राहण्यावर असल्याने, तो दिसल्याची बोंब उठणे हाच भक्ष्यांचा मोठा बचाव ठरतो. खार शेपटी झटकत चिरचिरते, सातभाईंचा थवा कलकलाट करतो, चिमणीएवढे पक्षी झुडपात शिरतात. कोतवाल मात्र उलट त्याच्यावरच तुटून पडतो. म्हणूनच कोतवालाच्या घरट्याच्या आसऱ्याने हळद्या व होले आपली घरटी बांधतात.

शिक्र्याच्या भीतीचा सर्वांत विलक्षण आविष्कार पावशा या पक्ष्याच्या बाबतीत दिसतो. रंग, उड्डाण आणि फांदीवर उतरण्याची लकबही शिक्र्यासारखी असल्याने लहान पक्षी त्याला पाहूनही इशारे देतात. वास्तविक पावशा मुख्यतः सुरवंट व इतर कीटक खातो. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात, त्यांच्याच अंड्यांसारखे निळे अंडे घालते.