टिंबाची किंमत

आपले जुने गणित श्लोकांत लिहिले गेले, म्हणून त्यात चिन्हे नव्हती, असा समज अजूनही ऐकू येतो. भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ उघडले की तो टिकत नाही. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमाराच्या या ग्रंथात श्लोकांखालच्या गद्यात समीकरणे चक्क मांडून दाखवलेली आहेत. अज्ञात राशीसाठी ‘यावत्तावत्’मधला ‘या’, आणखी अज्ञात राशी असतील तर कालक, नीलक, पीतक अशा रंगांची आद्याक्षरे आणि ज्ञात संख्येसाठी ‘रूप’मधला ‘रू’. बरोबरचे चिन्ह नाही. दोन बाजू एकीखाली एक लिहिल्या की त्या समान समजायच्या. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब.

त्यातले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एकाजवळ ३०० रूपे आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याला १०० रूपे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत किती? मांडणी अशी:

या ६ रू ३००
या १० रू १००

यातल्या १०० वर टिंब हवे. ते धरले तर ४ घोड्यांची किंमत ४०० येते, म्हणजे एका घोड्याची १००. पडताळा पाहिला तर दोघांकडे ९०० रूपे भरतात.

मी मुद्दाम टिंब काढून हेच गणित केले. उत्तर ५० आले आणि पडताळाही जुळला, कारण आता दोघांकडे ६०० रूपे आहेत. म्हणजे नकलाकाराच्या हातून टिंब सुटले, तर घोड्याची किंमत निम्मी होते, कर्जाची ठेव होते आणि गणित मात्र तक्रार करत नाही. चूक सापडते ती श्लोकामुळेच. तिथे ‘ऋण’ हा शब्द वृत्तात बसलेला आहे. तो गळला तर वृत्त मोडते. ज्या पद्याला आपण चिन्हांच्या अभावाचा पुरावा मानतो, तेच चिन्हाची राखण करत होते.

चिन्हाला अशी साक्ष का लागते, हे बक्षाली हस्तलिखितावरून कळते. पेशावरजवळच्या बक्षाली गावी १८८१ मध्ये सापडलेली ही भूर्जपत्रे आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. त्यांत संख्येनंतर + अशी फुली आली तर ती संख्या ऋण समजायची. ही फुली ‘क्षय’ या शब्दाच्या ब्राह्मी आद्याक्षरापासून आली असावी, असा एक तर्क आहे. टिंब तिथेही आहे, पण ते शून्याचे आणि अज्ञात राशीच्या रिकाम्या जागेचे. युरोपात + आणि − ही चिन्हे छापलेली दिसतात ती १४८९ मध्ये, लाइपझिगला निघालेल्या योहानेस विडमान यांच्या व्यापारी अंकगणितात. तिथे फुलीचा अर्थ नेमका उलटा आहे. म्हणून बक्षालीतली फुली दाखवून ‘अधिकचे चिन्ह आपलेच’ म्हणणाऱ्याने आधी तिच्या शेजारचे गणित सोडवून पाहावे.

आज आपण − या एकाच रेघेवर दोन कामे टाकली आहेत: वजाबाकी करा, आणि ही संख्या ऋण आहे. भास्कराचार्यांचे टिंब फक्त दुसरे काम करी. मराठीत या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत. अरबी-फारसीतून आलेला ‘वजा’ आणि संस्कृतातला ‘ऋण’. ५ − (−३) हे ‘पाच वजा ऋण तीन’ असे वाचले, तर कर्ज काढून टाकायचे आहे हे मुलाला कानानेच कळते आणि ८ या उत्तराचे नवल वाटत नाही. ‘पाच मायनस मायनस तीन’मध्ये ते कळत नाही, तिथे ‘मायनस मायनस प्लस’ हे पाठ करावे लागते. माध्यम कोणतेही असो, फळ्यावर समीकरण लिहिल्यावर शिक्षकाने ते एकदा शब्दांत म्हणून दाखवावे, एवढे तरी या जुन्या पोथ्यांकडून घेण्यासारखे आहे.