रेड बॉल एक्सप्रेस : ट्रक धावले, पण ऑइल कधी बदललं?

तुमच्या ओळखीत एसटीचा किंवा ट्रकचा एखादा जुना ड्रायव्हर असेल, तर सकाळी गाडी काढताना त्याच्याकडे एकदा नीट बघा. आधी खाली वाकून बघणार, ऑइल गळतंय का. मग डिपस्टिक काढून पुसणार, परत घालणार, परत बघणार. रेडिएटरमध्ये पाणी ओतणार. शेवटी हातात टॉमी घेऊन एकेका टायरवर ठोकणार, आवाजावरूनच त्याला हवा कळते. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. ही पंधरा मिनिटं एका अख्ख्या सैन्याला मिळाली नाहीत तर काय होतं, ते आज बघायचंय.

साल १९४४. ६ जूनला दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं. पुढचे जवळजवळ दोन महिने ते तिथंच, झुडपांच्या बांधाबांधांत अडकून पडलं. मग २५ जुलैला अमेरिकनांनी सेंट-लोजवळ जर्मन फळी फोडली आणि चित्र एकदम पालटलं. मूळ बेत असा होता की सीन नदीपर्यंत यायला तीन महिने लागतील, मग तिथं थांबायचं, डेपो उभारायचे, दम खायचा आणि पुढं निघायचं. पण जर्मन मागं हटत होते, अशा वेळी कोण थांबणार? २५ ऑगस्टला पॅरिस मुक्त झालं, आणि सैन्य नदी ओलांडून पुढं पळतच राहिलं.

आता गंमत बघा. सैन्य पुढं गेलं, पण त्याचं सामान मागं, शेरबुर्ग बंदरात आणि नॉर्मंडीच्या वाळूत. एका डिव्हिजनला लढत ठेवायला दिवसाला साधारण ६००-७०० टन माल लागतो : पेट्रोल, दारूगोळा, खाणं. हा माल रेल्वेनं न्यावा, तर फ्रान्सची रेल्वे आपणच, म्हणजे दोस्तांच्याच विमानांनी, जर्मनांना वापरता येऊ नये म्हणून फोडून ठेवलेली. राहता राहिले ट्रक.

पॅरिस मुक्त झालं त्याच दिवशी, २५ ऑगस्टला, 'रेड बॉल एक्सप्रेस' सुरू झाली. अमेरिकन रेल्वेत घाईच्या मालगाडीला रेड बॉल म्हणायची पद्धत होती, नाव तिथून आलं. सेंट-लोहून निघणारा एक रस्ता फक्त जायला, दुसरा फक्त यायला. दोन्हींवर लाल गोळ्याच्या पाट्या, आणि इतर वाहनांना बंदी. नियम साधे होते : ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर, याच्या वर जायचं नाही. दोन गाड्यांत ६० यार्डांचं अंतर. दर तासाला दहा मिनिटं थांबायचं. गाडी बिघडली तर उजवीकडे बाजूला घ्यायची आणि गस्तीवरच्या मेकॅनिकची वाट बघायची. चारच दिवसांनी, २९ ऑगस्टला, १३२ ट्रक कंपन्यांच्या ५,९५८ गाड्यांनी १२,३४२ टन माल हलवला. हा या मोहिमेचा एका दिवसाचा उच्चांक.

या रस्त्यावरची मुख्य गाडी म्हणजे जीएमसीचा अडीच टनी ट्रक, सैनिकांच्या भाषेत 'जिमी'. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सहाही चाकांना जोर, मागं जोडटायर धरून एकूण दहा टायर. युद्धकाळात या जातीच्या साडेपाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. भयंकर दणकट गाडी! पण ती अडीच टनांसाठी बनवली होती. ऑगस्टमध्ये वरूनच हुकूम आला की दुप्पट भरा. आणि एकदा दुप्पट चालतं म्हटल्यावर कागदावर दुप्पट, प्रत्यक्षात त्याहून जास्त, हे आपल्याकडच्या कुठल्याही खडीच्या ट्रकवाल्याला समजावून सांगायला नको.

नियमांचं काय झालं, तेही ऐका. इंजिनाला गव्हर्नर बसवलेला असायचा, वेग एका मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून. ड्रायव्हरांनी तो निकामी केला, कारण भरलेली गाडी चढावर चढेना. मग सपाट रस्त्यावर पन्नास मैलांनी गाड्या पळायला लागल्या. सैन्य पुढं जाईल तशी फेरी लांबत गेली : सुरुवातीला जाऊन-येऊन ३०० मैल, पुढं ६०० च्या वर. एका गाडीला दोन ड्रायव्हर, एक झोपणार, एक चालवणार. चालत्या गाडीतच जागा बदलायचे, असं त्यांतले काही म्हातारपणी सांगत. कितपत खरं, ते त्यांनाच माहीत. पण स्टिअरिंगवर डुलकी लागून गाडी झाडावर किंवा चरात गेल्याचे अपघात मात्र सर्रास होते.

आणि देखभाल? अमेरिकन सैन्यात पद्धत पक्की होती. रोजची पाहणी, हवा-पाणी, नट आवळणं हे ड्रायव्हरचं काम. सर्व्हिसिंग आणि किरकोळ दुरुस्ती कंपनीच्या मेकॅनिकची. मोठं काम मागच्या वर्कशॉपचं. या साखळीची पहिली कडी म्हणजे ड्रायव्हरची ती पंधरा मिनिटं, आणि नेमकी तीच गळाली. गाडी परत आली की लगेच भरायची आणि हाकायची. बॅटऱ्या कोरड्या पडल्या, कारण त्यांत पाणी कुणी घातलं नाही. ऑइल काळं होईपर्यंत तेच. नट सैल झाले, ते कुणी आवळले नाहीत. अडीच टनी पाट्यांवर पाच टनांचा भार, त्यामुळे पाटे तुटले. सप्टेंबरात एका पाहणीत व्हिर ते द्रू या टप्प्यात माल भरलेल्या ८१ गाड्या रस्त्याकडेला बंद पडलेल्या मोजल्या गेल्या. विचार करा, माल भरलेल्या! म्हणजे गाडी तर गेलीच, वर पुढं कुणीतरी त्याच मालाची वाट बघतंय.

टायरची कहाणी वेगळीच. १९४२ च्या सुरुवातीला जपाननं मलाया घेतलं, नैसर्गिक रबर तुटलं आणि टायर कृत्रिम रबराचे आले. जास्त भार आणि जास्त वेग मिळून ते तापायचे आणि सोलून निघायचे. त्यात सैनिक खाऊन झाल्यावर डबे रस्त्यातच फेकायचे, त्या पत्र्याच्या कडा टायरात घुसायच्या. जूनमध्ये साधारण २९ हजार टायर बदलावे लागले होते. सप्टेंबरात ५५ हजार. नोव्हेंबर उजाडेपर्यंत युरोपातली जवळपास १५ हजार अमेरिकन लष्करी वाहनं टायर, हत्यारं आणि सुटे भाग नाहीत म्हणून नुसती उभी होती.

अजून एक हिशेब. या ट्रकांना स्वतःलाच रोज सुमारे ३ लाख गॅलन पेट्रोल लागायचं. पेट्रोल पोचवायला पेट्रोल, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पुढं पॅटनचे रणगाडे टाकी रिकामी म्हणून थांबलेले.

आता दोष कुणाचा? इथं मला जरा थांबायचंय. रेड बॉलचे तीन चतुर्थांश ड्रायव्हर कृष्णवर्णीय होते. तेव्हाच्या अमेरिकन सैन्यात गोरे आणि काळे यांच्या तुकड्या वेगळ्या, आणि काळ्या सैनिकांना बहुतेक ओझी वाहायची, बांधायची, ट्रक चालवायची कामं. कागदपत्रांत 'ड्रायव्हरांचा बेफिकीरपणा', 'गाडीचे हाल' असे शेरे सापडतात. मुद्दाम गाडी बिघडवल्याच्या तक्रारीही आहेत, आणि काही जणांनी तसं केलं असेलही. पण मला हा शेरा पचत नाही. भार दुप्पट करायचा हुकूम ड्रायव्हरनं काढला नव्हता. नव्यानं उतरलेल्या तीन पायदळ डिव्हिजन जागेवर बसवून, त्यांच्या गाड्या काढून घेऊन घाईनं कामचलाऊ ट्रक कंपन्या उभ्या केल्या, तोही निर्णय वरचाच. ज्या माणसाला झोपायला चार तास मिळत नाहीत, त्यानं ग्रीस गन कधी हातात घ्यायची? मला विचाराल तर सेनापतींनी वेग उधारीवर घेतला होता, आणि वसुली ट्रकांकडून आणि ड्रायव्हरांकडून झाली. त्या वेळी ती उधारी घेणं बरोबर असेलही. पळणाऱ्या शत्रूला थोडा दम घेऊ दिला असता, तर पुढं जास्त माणसं गेली असती, असं म्हणणारेही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग हिशेबात ड्रायव्हरचं नाव लावू नये, एवढंच.

बरं, देखभालीला वेळ दिला म्हणजे सगळं सुटतं, असंही नाही. शेजारच्या ब्रिटिश सैन्याचं बघा. त्यांनी १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये दुरुस्तीचं स्वतंत्र दल काढलं होतं, कारण तोपर्यंत ते काम वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेलं होतं. १९४३ मध्ये हिंदुस्थानातही तसंच दल निघालं, तेच आजचं ईएमई. खडकीत त्यांचं बेस वर्कशॉप आहे, पुणेकरांना माहीत असेल. तर इतकी व्यवस्था असूनही ऐन सप्टेंबरात ब्रिटिशांचे सुमारे १,४०० ऑस्टिन ट्रक, तीन टनी, एकदम बाद झाले. पिस्टनमध्ये खोट निघाली. ठीक आहे, इंजिन बदलू म्हटलं, तर बदलीसाठी ठेवलेल्या इंजिनांचे पिस्टनही तसलेच! मेकॅनिक तयार, हत्यारं तयार, पण स्टोअरमधला मालच खराब.

रेड बॉल १६ नोव्हेंबरला बंद झाली. तोवर रेल्वे बऱ्यापैकी दुरुस्त झाली होती. सगळा मिळून हिशेब ४ लाख १२ हजार टनांचा. १९५२ मध्ये हॉलिवूडनं याच नावाचा सिनेमा काढला. सिडनी पॉइटिए त्यात आहे, पण नायक मात्र गोरा अधिकारी.

अँटवर्प बंदर २८ नोव्हेंबरला खुलं झालं आणि तिथून लगेच दुसरी ट्रक सेवा निघाली, एबीसी नावाची : अँटवर्प, ब्रसेल्स, शार्लरुआ. या वेळी अडीच टनी जिमी नव्हते. दहा टनांचे ट्रेलर आणि ते ओढायला वेगळे ट्रॅक्टर होते. ट्रेलर बंदरात भरला जायचा, तोवर ट्रॅक्टर मोकळा. बंदराजवळ गाड्यांसाठी मोठा तळ केला. तिथं ड्रायव्हरला गरम जेवण मिळायचं, आणि तो जेवत असताना मेकॅनिक बॉनेट उघडून आत बघायचा.