सेल्फची दुखणी: हँडलपासून सोलेनॉइडपर्यंत

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारगाडी सुरू करणे हे अंगमेहनतीचे आणि जोखमीचे काम होते. पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. स्पार्क वेळेआधी पडला की इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. म्हणून हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, असा दंडक पडला.

यातून सुटका केली ती अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने. गल्ल्याच्या यंत्रासाठी त्याने पूर्वी विजेची मोटर बसवली होती. मोटर क्षणभरच चालवायची असेल, तर लहान मोटरही मोठा प्रवाह सोसते, हे त्याला तिथे उमगले होते. १९११ मध्ये त्याने सेल्फ-स्टार्टर तयार केला आणि कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलवर तो आला. फोर्डच्या मॉडेल टीला मात्र तो १९१९ मध्ये मिळाला.

मोटरचे पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, फ्लायव्हीलच्या रिंगेत अडकवायचे आणि इंजिन सुरू होताच सोडवायचे कसे, हा खरा पेच होता. व्हिन्सेंट बेंडिक्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेने तो सोडवला. मोटर झटक्यात फिरली की पिनियन आट्यांवरून सरकून रिंगेत जाते. इंजिनाने वेग घेतला की तेच पिनियन मागे फेकले जाते. ब्रिटनच्या लुकास कंपनीचे अनेक सेल्फ याच तऱ्हेचे होते. १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएस स्थापन झाल्यावर लुकासचे विजेचे सामान मद्रासेत बनू लागले.

या रचनेची दुखणी तिच्याबरोबरच आली. मोटर मोकळी घरघरते, इंजिन हलत नाही, म्हणजे पिनियन आट्यांवर चिकटले आहे. तेल-ग्रीस लावले की क्लचची धूळ तिथे बसते आणि तक्रार वाढते. आटे केरोसिनने धुऊन कोरडेच ठेवायचे असतात. पिनियन रिंगेत अडकून बसले, तर इग्निशन बंद करून गाडी टॉप गिअरमध्ये पुढे-मागे हलवतात. लुकासच्या बऱ्याच सेल्फच्या दांड्याला टोकाशी चौकोनी डोके असे, ते पान्याने फिरवले तरी काम भागे. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना साधारण त्याच दोन जागी थांबते, त्यामुळे रिंगेचे दातेही तिथेच झिजतात. गाडी एरवी नीट सुरू होते आणि मधूनच नुसती खरखरते, ती यामुळे. अशा वेळी सेल्फ बदलणे म्हणजे पैसे पाण्यात.

पुढे सोलेनॉइडचे, म्हणजे विजेच्या चुंबकाचे, सेल्फ आले. यात सोलेनॉइड आधी पिनियन रिंगेत ढकलतो, मग मोटरचा मुख्य प्रवाह जोडतो. रोगाचा आवाजही बदलला. एकच दणदणीत 'टक' झाला आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेले किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असण्याचा संभव असतो. सेल्फवर हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू झाली, तर कार्बनकडेच बोट जाते. 'कट-कट-कट' असा सलग आवाज बहुधा उतरलेल्या बॅटरीचा किंवा गंजलेल्या टर्मिनलचा.

निदानाची जुनी रीत अशी: हेडलाइट लावून सेल्फ मारायचा. दिवे मालवल्यासारखे मंद झाले, तर बॅटरी कमजोर आहे, जोडणी सैल आहे किंवा सेल्फ जाम आहे. दिवे तसेच राहिले आणि आवाजही नाही, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोचतच नाही. मीटर असेल तर शंका फिटते. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फने इंजिन फिरवताना ती साडेनऊच्या खाली घसरू नये. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर अर्थिंगची जोडणी खराब आहे. जुन्या गाडीत इंजिन रबरी पॅडवर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि चासीला जोडणारी पट्टी गंजली की परतीची वाटच अडते. बॅटरी आणि सेल्फ नवे टाकूनही न सुटलेले कोडे कित्येकदा या पट्टीपाशी सुटते.